पाणी तिसऱ्या पायरीवर

साटम वकीलीणबाईंनी खुर्ची उलटी फिरवली,
म्हणाल्या, हा समजा पिंजरा. हात इथे टेकवा.
टेकवले. हातांचा खारा वास
खुर्चीच्या पाठीला राहिला.

किती वाजले होते?
पाणी तिसऱ्या पायरेर इलेला.
ताई, वाजले किती?
भरती भरून थांबली होती, म्हटलं.
थांबते ती उतरायच्या आधी,
पदर सारखा करायला बाई थांबते तेवढीच.
बाईंनी पेन दातांत धरलं. तिथी कुठली?
मार्गशीर्षातली वद्य पंचमी.
मग त्यांनीच हिशेब केला, पाच पाऊण पावणेचार.
त्यांचा बापूस होडीवरचा; पाऊणकी विसरल्या नव्हत्या.
कागदावर लिहिलं: पहाटे पावणेचार वाजता.
कागदावर पाणी नव्हतं.

अशा वेळी किनाऱ्यावर काय करत होतात?
सुंगटं वाळत होती. कुत्री लागतात.
सुंगटं नाही, कोळंबी म्हणा. साहेब घाटावरचे आहेत.
कोळंबी, म्हटलं,
आणि माझीच सुंगटं मला परक्याची वाटली.

अंधारात ट्रॉलर ओळखलात कसा?
चंद्र डोक्यावर होता. दिवे मात्र एकही नव्हते त्याच्यावर.
आणि त्याचं इंजिन दर सातव्या ठोक्याला खोकतं.
हे तुम्हाला कसं ठाऊक?
त्या इंजिनावर माझा भाचा आहे. सिद्धेश.
लहानपणी त्यालाही अशीच ढास लागायची,
मी रात्रभर ओवा भाजून छातीला शेकायची.

बाई थोडा वेळ बोलल्या नाहीत.
मग म्हणाल्या, ते विचारतील. भाचा कशाला म्हणून लपवू नका.
लपवायचं काय? काल संध्याकाळी मालकाकडून
सरंग्यांची पाटी आली, बर्फासकट.
सून म्हणाली, परत पाठवूया.
मी म्हटलं, पाठव. पण बर्फ वितळून
ओटीवर पाणी सांडलं होतं ते कसं पाठवणार?
पुसलं.

मग तो प्रश्न आला.
लवू तारीची होडी तुमच्यापासून किती लांब होती?
मी चटकन म्हटलं, हाकेच्या अंतरावर.
बाईंनी लिहिलं, अंदाजे दीडशे मीटर,
आणि पान उलटलं.

मी त्याच पानावर राहिले.

कारण ठोकर बसली तो आवाज मी ऐकला, तो सांगणार आहे.
फळी फुटली ती ऐकली, तीही.
त्यानंतर एक ओरडणं आलं, बारीक, दोनदा.
मला वाटलं टिटवी.
टिटवी रात्री बरी नव्हे, म्हणून मी
मूठभर वाळू तिकडे फेकली आणि म्हटलं, गप.
गप झाली.

हे कुणी विचारणार नाही. त्यांचा वकीलही नाही.
त्याला विचारायचंय माझा चष्मा कधीचा आहे.
शेवंती दुसऱ्या बाकावर बसेल,
लवूचा शर्ट पिशवीत घालून आणते ती दर तारखेला,
कुणी मागितला तर असावा म्हणून.
अजून कुणी मागितला नाही.

विचारलं तेवढंच सांगायचं, बाई म्हणाल्या,
जास्त बोललं की खरंसुद्धा फाटतं.
बरोबर असेल. जाळ्याचं तसंच असतं.

आज रात्री सुंगटांपाशी बसून म्हणून पाहिलं,
ईश्वरसाक्ष खरे सांगेन.
ओळ पाठ झाली आहे. त्यापुढे काय ते नाही.
अष्टमी आहे, भांगाचं पाणी, पहिल्या पायरीलाही शिवत नाही.
उद्या सातच्या एसटीने देवगड.
वाटेत बाईंना एकच विचारायचं आहे,
मी सांगते ते तो पोरगा मशीनवर टाईप करतो ना,
त्याला हाक कशी लिहितात येते का?
आणि नसेल येत, तर मी
साहेबांसमोर तशी ओरडून दाखवली
तर चालेल का?